शून्य क्षणाचा शोध : अतिजलद लेसर आणि क्ष-किरणांच्या संशोधनातील वाटचाल

अमळनेरला बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला लिहिले आहे की, २०२३ च्या नोबेल पारितोषिकामुळे ॲटोसेकंद हा शब्द तिने प्रथम ऐकला आणि तेव्हापासून तो तिच्या मनातून जात नाही. या विषयात संशोधक होणे म्हणजे रोज नेमके काय करणे, त्याला किती वर्षे लागतात, परदेशी जावेच लागते का, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या, घरी कोरडवाहू कपाशी असलेल्या मुलीने हा विचार करावा का, असे तिचे प्रश्न आहेत. मी चोपडा तालुक्यातला, बी.एस्सी.पर्यंत खानदेशातच शिकलेला. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी आधी फेम्टोसेकंद लेसरवर आणि नंतर क्ष-किरणांच्या स्पंदांवर काम केले आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबले तरी सविस्तरच देतो.

आधी काळाचे माप मनात नीट बसवून घ्या. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद, आणि तेवढ्या वेळात प्रकाश फक्त ०.३ मायक्रोमीटर सरकतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दोनशेव्या हिश्श्याच्या आसपास. रेणूतील अणू एकमेकांच्या जवळ येतात, दूर जातात, त्यांचे बंध तुटतात, हे सारे साधारण दहा ते काही शे फेम्टोसेकंदांत घडते. इलेक्ट्रॉन याहूनही चपळ असतात. बोरच्या जुन्या प्रतिमानाप्रमाणे हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉनला एका फेरीसाठी सुमारे १५० ॲटोसेकंद लागतात, आणि ॲटोसेकंद हा फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग आहे.

इतक्या लहान काळासाठी कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण पुरेसे वेगवान नसते, म्हणून आम्ही प्रकाशाचे दोन स्पंद, म्हणजे अगदी आखूड झटके, वापरतो. पहिला स्पंद पदार्थात बदल सुरू करतो आणि दुसरा ठरावीक वेळाने येऊन त्या बदलाची स्थिती टिपतो. दोन स्पंदांमधला वेळ बदलायचा असेल तर त्यांपैकी एकाला जास्त अंतर चालायला लावायचे असते. आरसा एक मायक्रोमीटर मागे घेतला की प्रकाशाला जाऊन-येऊन दोन मायक्रोमीटर जास्त जावे लागते आणि सुमारे ६.७ फेम्टोसेकंदांचा उशीर होतो. म्हणजे आमच्या प्रयोगात घड्याळाचे काम आरसा सरकवणारी पट्टी करते, आणि ती पट्टी शून्यावर कोठे आहे हे माहीत नसेल तर बाकीच्या मोजमापाला काहीही अर्थ उरत नाही.

दोन्ही स्पंद नमुन्यावर एकाच वेळी पोहोचतात त्या क्षणाला आम्ही शून्य क्षण म्हणतो, आणि माझ्या आयुष्यातले किती दिवस केवळ तो शोधण्यात गेले याचा हिशेब मोठा आहे. टेबलावर दोन्ही वाटा पाच-सात मीटर लांब, दहा-बारा आरशांवरून वळसे घेत गेलेल्या असतात. आधी साध्या मोजपट्टीने त्यांची लांबी काही मिलिमीटरपर्यंत सारखी करायची. मग वेगवान फोटोडायोड (प्रकाश पडताच विद्युत संकेत देणारा घटक) आणि तो संकेत दाखवणारा ऑसिलोस्कोप लावून फरक आणखी कमी करायचा. शेवटी दोन्ही शलाका एका विशिष्ट स्फटिकात एकमेकींवर आणायच्या आणि अंधारात पट्टी अतिशय सावकाश सरकवत राहायचे. ८०० नॅनोमीटरच्या त्या शलाका डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाहीत. पण दोन्ही स्पंद एकाच वेळी स्फटिकात आले की त्यांच्या बरोबर मधोमध ठेवलेल्या कागदावर ४०० नॅनोमीटरचा निळसर-जांभळा ठिपका उमटतो. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. तो किती लहान होता आणि कागदाच्या कोणत्या कोपऱ्यात होता हे मला आजही आठवते.

तो ठिपका मिळण्याआधीचे तीन आठवडे मी चुकीच्या ठिकाणी दोष शोधत होतो. रात्री सापडलेला शून्य क्षण सकाळी जागेवर नसे. मी आरसे बदलले, स्फटिक बदलला, लेसरवर संशय घेतला. कारण साधे निघाले : त्या प्रयोगशाळेत संध्याकाळी ठरावीक वेळी वातानुकूलन बंद करण्याचा नियम होता, आणि माझी एक वाट ज्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर उभी होती ती रात्रभर तापमानाबरोबर लांबत-आखडत होती. एक मीटर ॲल्युमिनियम एका अंशाने तापले तर सुमारे २३ मायक्रोमीटर लांबते, आणि तेवढे अंतर प्रकाशाला ७७ फेम्टोसेकंदांचे पडते. मला मोजायची असलेली घटनाच मुळी शंभर फेम्टोसेकंदांची होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा रुळांच्या सांध्यात फट का ठेवतात हे मी शाळेत शिकलो होतो. तेच प्रसरण माझ्या टेबलावर प्रयोग बिघडवत असेल, हे मात्र मला सुचायला तीन आठवडे लागले.

ही हकिकत सांगण्याचे कारण असे की, या क्षेत्राबद्दल मला सांगायची मुख्य गोष्ट तिच्यात आहे. हे क्षेत्र यंत्र घडवणाऱ्यांचे आणि यंत्राशी जमवून घेणाऱ्यांचे आहे. येथे समीकरणे लागतातच, पण ज्याला एखादे उपकरण बरोबर चालेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहता येते तोच येथे टिकतो. आणि ही सवय शेतावर वाढलेल्या मुलांमध्ये बऱ्याचदा आधीपासून असते. विहिरीवरची मोटर चालू होऊनही पाणी उचलत नसेल तर माझे वडील एकदम सगळे खोलत नसत. आधी फूटव्हॉल्व्ह गळतो का ते पाहत, मग पाइपात हवा धरली आहे का, मग विहिरीतली पातळी, मग तिन्ही फेज येतात का. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तिचा परिणाम पाहिल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, ही शिस्त मी रात्रीच्या विजेवर भरणे करताना बॅटरीच्या उजेडात शिकलो. लेसर बिघडला की आजही मी त्याच क्रमाने जातो.

आता वर्षांचा प्रश्न. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवला, तेव्हापासून स्पंद आखूड करण्याची धडपड सुरू आहे. मोठी अडचण अशी होती की, आखूड आणि तीव्र स्पंद ज्या स्फटिकात वाढवायचा तो स्फटिकच त्या तीव्रतेने जळून जाई. १९८५ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी त्यावर उपाय काढला : स्पंद आधी काळात ताणून लांब करायचा, म्हणजे त्याची तीव्रता उतरते, मग तो निर्धास्तपणे वाढवायचा आणि शेवटी पुन्हा आवळायचा. स्ट्रिकलंड तेव्हा विद्यार्थिनी होत्या आणि तो त्यांचा पहिलाच शोधनिबंध होता. त्याला नोबेल मिळाले २०१८ मध्ये. आज जगातील जवळपास प्रत्येक तीव्र लेसर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातीलसुद्धा, याच युक्तीवर चालतो.

ॲटोसेकंदाची कथा यातूनच पुढे जाते, आणि ती तुम्ही नीट समजून घ्यावी असे मला वाटते. ८०० नॅनोमीटर प्रकाशाच्या एका लहरीलाच २.७ फेम्टोसेकंद लागतात. स्पंद साधारणपणे एका लहरीपेक्षा आखूड करता येत नाही, म्हणून ॲटोसेकंदांत उतरायचे तर तरंगलांबी खूप लहान असलेला प्रकाश हवा. १९८७ मध्ये फ्रान्समधील साक्ले येथे ॲन लुइये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरक्त लेसर आर्गॉन वायूवर सोडला, तेव्हा मूळ वारंवारतेच्या कितीतरी पटींतील प्रकाश बाहेर पडताना दिसला. वरच्या पटींमध्ये तो झपाट्याने क्षीण होत जाईल अशी सर्वांची अपेक्षा होती, पण बऱ्याच उंचीपर्यंत त्याची तीव्रता सपाट, पठारासारखी राहिली. पुढे कारण स्पष्ट झाले : लेसरचे विद्युतक्षेत्र अणूतून इलेक्ट्रॉन खेचून काढते, क्षेत्राची दिशा उलटली की त्याला परत अणूकडे फेकते, आणि परतलेला इलेक्ट्रॉन आपली सारी ऊर्जा प्रकाशाच्या एका अत्यंत आखूड झटक्यात देऊन टाकतो. पॉल कॉर्कम यांनी १९९३ मध्ये हे चित्र सोप्या तीन पायऱ्यांत मांडले. हे झटके खरोखर ॲटोसेकंदांचे आहेत हे मोजून दाखवायला मात्र २००१ साल उजाडले. त्या वर्षी पिएर अगोस्तिनी यांच्या गटाने २५० ॲटोसेकंदांच्या स्पंदांची मालिका मोजली आणि फेरेंत्स क्राउस यांच्या गटाने ६५० ॲटोसेकंदांचा एकेकटा स्पंद वेगळा काढला. १९८७ चे निरीक्षण, २००१ चे मोजमाप आणि २०२३ चे नोबेल. हे पारितोषिक जाहीर झाल्याचा फोन लुइये यांना आला तेव्हा त्या लुंड विद्यापीठात वर्गात शिकवत होत्या, ही गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. छत्तीस वर्षांनंतरही त्या रोजच्या कामात होत्या, आणि या विषयात काळ असाच मोजावा लागतो.

क्ष-किरणांकडे मी पीएच.डी.नंतर वळलो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अणूंमधील अंतराच्या हजारो पट असते, त्यामुळे लेसरने बंध तुटल्याचे कळते, पण अणू नेमके कोठे गेले हे थेट दिसत नाही. क्ष-किरणांची तरंगलांबी अणूंमधील अंतराएवढीच असल्याने ते दाखवू शकतात. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनमध्ये २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरतात आणि उत्तम क्ष-किरण देतात. पदार्थाची रचना पाहायला ते फार चांगले आहेत, पण सिंक्रोट्रॉनचे स्पंद सर्वसाधारणपणे दहा ते शंभर पिकोसेकंदांचे (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद), म्हणजे फेम्टोसेकंदांच्या घटनेसाठी हजारो पट लांब असतात. ही उणीव मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरने भरून काढली. सरळ रेषेत प्रकाशाच्या वेगाजवळ नेलेले इलेक्ट्रॉन आलटून पालटून मांडलेल्या चुंबकांच्या लांबलचक रांगेतून नागमोडी जातात. त्यांनीच सोडलेला प्रकाश त्यांच्या थव्याला बारीक पापुद्र्यांत विभागतो, आणि मग ते सर्व एकाच ठेक्यात प्रकाश देऊ लागतात. जॉन मेडी यांनी ही कल्पना १९७१ मध्ये मांडली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील यंत्रातून १.५ अँगस्ट्रॉमचा (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) प्रकाश निघाला एप्रिल २००९ मध्ये. त्यानंतर २०११ मध्ये जपानमध्ये आणि २०१७ मध्ये हॅम्बुर्गजवळ अशी यंत्रे सुरू झाली. हॅम्बुर्गचे यंत्र ३.४ किलोमीटर लांब आहे आणि सेकंदाला २७,००० स्पंद देऊ शकते.

या यंत्रांवर काय कळते, याचे एकच उदाहरण देतो, कारण ते आपल्या शिवारातले आहे. रावेर-यावलच्या केळीच्या पानात सूर्यप्रकाशाने पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन बाहेर पडतो. हे काम मँगॅनीजचे चार, कॅल्शियमचा एक आणि ऑक्सिजनचे पाच अणू असलेला एक लहानसा पुंजका करतो. जपानी शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये सिंक्रोट्रॉनवर १.९ अँगस्ट्रॉमपर्यंत त्याची रचना उलगडली. पण क्ष-किरण पडताच हा पुंजका बिघडू लागतो, आणि तो काम करताना कसा बदलतो हेच तर पाहायचे असते. मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरचा स्पंद इतका आखूड असतो की रेणू फुटण्याआधीच त्याचे चित्र घेऊन क्ष-किरण पुढे निघून जातात. म्हणून नील-हरित जिवाणूंपासून काढलेल्या या प्रथिनाचे सूक्ष्म स्फटिक एकामागून एक आणतात, त्यांवर दृश्य लेसरचे एक, दोन, तीन झोत टाकतात आणि प्रत्येक पायरीला क्ष-किरणांनी टिपतात. प्रत्येक स्फटिक एकदाच कामी येतो, त्यामुळे पूर्ण चित्र हजारो स्फटिकांमधून जुळवावे लागते.

अशा प्रयोगाला यंत्राचा वेळ मिळवण्यासाठी स्पर्धेत प्रस्ताव द्यावा लागतो आणि बरेच प्रस्ताव नाकारले जातात. माझेही गेले आहेत. वेळ मिळाला तर तो थोड्याच पाळ्यांचा असतो, बहुधा बारा-बारा तासांच्या, आणि त्यासाठी तयारी वर्षभर चाललेली असते. येथेही शून्य क्षण पाठ सोडत नाही. किलोमीटरभर लांबीच्या यंत्रातून येणारा क्ष-किरणांचा स्पंद आणि खोलीतला लेसर यांची वेळ दर वेळी शंभर-एक फेम्टोसेकंदांनी मागेपुढे होते. तो फरक पूर्णपणे थांबवता येत नाही, म्हणून प्रत्येक स्पंदाची वेळ वेगळी मोजून नंतर संगणकात सर्व नोंदी योग्य क्रमाने लावतात. आज या विषयात येणाऱ्या विद्यार्थ्याला पायथन या संगणकाच्या भाषेत सफाईने प्रोग्रॅम लिहिता आलाच पाहिजे, तो याचसाठी. हे काम तुम्ही अमळनेरला बसून आजपासून शिकू शकता.

वाटेचा तपशील थोडक्यात सांगतो. एम.एस्सी.साठी जॅम परीक्षा द्या. पीएच.डी.साठी जेस्ट, गेट, सीएसआयआर-नेट आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्वतःची परीक्षा आहे. एम.एस्सी.च्या काळात उन्हाळी संशोधन कार्यक्रमाला अर्ज करा, कारण तेथे दोन महिने टेबलाजवळ उभे राहिल्यावर हे काम आवडते की नाही ते स्वतःलाच कळते. कनिष्ठ संशोधन फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये आहे. घरी बोलताना हा आकडा जरूर सांगा, कारण मुलगी अजून शिकतेच आहे आणि घरावर भार आहे, ही समजूत त्याने बरीच दूर होते. त्याबरोबर हेही मोकळेपणाने सांगा की पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात, त्यानंतर तीन-चार वर्षे तात्पुरत्या नेमणुकांत जातात आणि कायमची जागा बहुधा तिशी ओलांडल्यावरच मिळते. सर्वांनाच ती मिळत नाही. पण लेसर हाताळता येणाऱ्या माणसाला काम मिळते : डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या लेसरमध्ये, धातू कापण्याच्या यंत्रांमध्ये, चिप तयार करण्यासाठी १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश निर्माण करणाऱ्या उद्योगात.

परदेशाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. भारतात अजून क्ष-किरणांचा मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर नाही, त्यामुळे त्या कामासाठी जावे लागेल. मात्र पीएच.डी. येथे करूनही प्रयोगापुरते जाता येते, आणि तीव्र लेसरचे काम तर इंदूर, मुंबई आणि हैदराबाद येथे चांगले चालते. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधव्यावरून इंदूर एका दिवसात गाठता येते. आपल्याकडची मुले पुण्या-मुंबईकडेच पाहतात आणि उत्तरेला इतक्या जवळ असलेल्या या केंद्राचा विचार करत नाहीत, याची मला खंत वाटते. प्रयोगशाळा निवडताना तिचे नाव किंवा प्रमुखांची कीर्ती यापेक्षा तेथील विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारा : लेसर तुम्ही स्वतः जुळवता, की कोणीतरी चालू करून देतो? दुसरे उत्तर मिळाले तर पुन्हा विचार करा.

इंग्रजीची भीती मी समजू शकतो. माझ्या पहिल्या परिसंवादात मी लिहून नेलेले वाचून दाखवले होते. शोधनिबंधाची भाषा ठरावीक शब्दांची आणि साध्या वाक्यरचनेची असते, आणि ती दोन वर्षांत अंगवळणी पडते. मराठीत समजलेले भौतिकशास्त्र तेथे कमी पडत नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. या लेसरची शलाका डोळ्यांना नीट दिसत नाही, पण दृष्टिपटलावर ती एकवटते आणि वेदनाही न होता तेथे कायमचा डाग पाडते. हातातली अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवल्याशिवाय टेबलाजवळ जाऊ नका, संरक्षक चष्मा कोणाच्याही सांगण्यावरून काढू नका, आणि खाली पडलेले काही उचलायला वाकताना डोळे शलाकेच्या पातळीवर येऊ देऊ नका.

आणि सुरुवात कशी करावी असे विचाराल, तर महाविद्यालयाच्या अंधाऱ्या खोलीत एक जुनी सीडी आणि लाल लेसर पॉइंटर घेऊन बसा. सीडीवरील रेघांमधले अंतर १.६ मायक्रोमीटर असते. शलाका तिच्यावर लंब पाडा, पहिल्या क्रमाचा, म्हणजे सरळ परत येणाऱ्या शलाकेच्या लगतचा, ठिपका भिंतीवर कोठे पडतो ते मोजा आणि तरंगलांबी काढा. उत्तर ६५० नॅनोमीटरच्या आसपास यायला हवे, म्हणजे कोन सुमारे २४ अंशांचा. भिंतीवरचा ठिपका पाहा, सीडीवरून थेट डोळ्यांत येणारी शलाका कधीही पाहू नका. स्ट्रिकलंड आणि मूरू यांची युक्ती आज बहुतेक ठिकाणी अशाच रेघांच्या जाळीवर चालते, कारण वेगवेगळे रंग वेगवेगळ्या कोनांत जातात आणि त्यामुळे त्यांना वेगवेगळे अंतर चालायला लावता येते. मोजमाप दहा वेळा करा, प्रत्येक वेळी सीडी काढून पुन्हा लावा, आणि दहाही उत्तरे, चुकलेली धरून, वहीत शाईने लिहून ठेवा. ती एकमेकांपासून किती वेगळी येतात आणि का, हे शोधून मला कळवा. पुढचे आपण त्यावरून बोलू.